रिद्धपूरचे राऊळ आणि मराठी गद्य

वऱ्हाडातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेर. अमरावती जिल्ह्यातील या गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. २०२४ साली तेथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. याच गावी श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ वावरत असत, आणि लोक त्यांना वेडे म्हणत.

महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो. मुलांबरोबर खेळणे, मूर्तींशी बोलणे, एकाएकी हसणे वा कोपणे, अस्पृश्य गणलेल्यांच्या घरी मुक्तपणे जाणे, असे त्यांचे वर्तन चरित्रात नोंदलेले आहे. त्यास आजच्या एखाद्या मनोविकाराचे नाव देणे आम्हांस उचित वाटत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी पोथीवरून होत नसते, आणि श्रद्धावंतांच्या भावनेचाही मान राखावयास हवा. मात्र त्या वर्तनाने लेखणीला कसे वळण दिले, हे पाहता येते.

म्हाइंभट हे विद्येचा अभिमान वाहिलेले पंडित. गोविंदप्रभूंच्या पश्चात भक्तांच्या आठवणी गोळा करून त्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. राऊळांच्या बोलण्यात एकाच दमात होकार आणि नकार येई. लाडाची तीच शिवी पुनःपुन्हा येई. पंडिताने हे बोलणे सुधारले नाही, त्यास अलंकारही चढविले नाहीत. छोटी वाक्ये, तुटक प्रसंग, तात्पर्याविना संपणारी कथा, ही त्या गद्याची शैली ऐकण्याच्या निष्ठेतून घडली. राऊळांच्या लग्नाच्या हौसेपायी महदाइसेने ‘धवळे’ रचले, आणि मराठीस आद्य कवयित्री लाभली.

आम्हां ख्रिस्ती वाचकांस येथे संत मार्कची आठवण व्हावी. येशूला भान राहिले नाही असे समजून त्याचे आप्त त्याला धरावयास निघाले, हे मार्कने तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवले. मत्तय व लूक यांनी तो अवघड प्रसंग घेतला नाही. मार्कची भाषाही ओबडधोबड. पण तिच्यात ऐकलेले जसेच्या तसे उरले आहे.

मनोविकार ही प्रतिभेची जननी आहे, असा गोड समज आम्ही पसरवू इच्छित नाही. आजार यातना देतो, आणि त्यास वैद्याचे उपचार हवेतच. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, हे २०१७ च्या कायद्याने मान्य केले आहे. परंतु आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांत अशा माणसाचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याला गप्प केले जाते. रिद्धपूरच्या पंडिताने ते वाक्य पुरे होऊ दिले. मराठी त्याची ऋणी आहे.