दोन मिलिमीटर सुरखी

पॅरिसच्या रोलाँ गारोस मैदानातल्या एखाद्या कोर्टावर नाण्याच्या कडेनं ओरखडा काढला, तर लाल रंग लगेच संपतो आणि खाली पांढरं लागतं. फ्रेंच ओपन ज्या लाल क्लेसाठी जगभर ओळखली जाते, तिचा थर असतो जेमतेम एक ते दोन मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडीच्या चुऱ्याचा काही सेंटिमीटरचा थर, त्याखाली दगडी कोळसा जळून उरलेला खडबडीत चुरा, मग खडी आणि अगदी तळाला मोठे दगड. सगळं मिळून खोली सुमारे ऐंशी सेंटिमीटर. खेळाडूचं वजन पेलते ती पांढरी चुनखडी. लाल असतो तो फक्त वरचा भुरका.

हा भुरका म्हणजे भाजलेल्या विटा भरडून, चाळून केलेली पूड. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत चुन्याबरोबर जी सुरखी घालत, तीच. लाल मातीचं नाव काढलं की आपल्याला तालमीतला हौदा आठवतो, पण हौद्यातली माती खरोखरच जमिनीतून काढलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखतात. पॅरिसची माती भट्टीतून आलेली आहे. आणि ती टेनिसमध्ये शिरली ती खेळासाठी नव्हे, एक अडचण झाकण्यासाठी.

अडचण होती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या उन्हाची. टेनिस इंग्लंडच्या हिरवळीवर जन्मलं. तिथले धनिक हिवाळ्यात फ्रेंच रिव्हिएराला जाऊन राहत आणि आपला खेळही बरोबर नेत. विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे जुळे भाऊ त्या काळातले मोठे खेळाडू. विल्यमनं पुढं विम्बल्डन सात वेळा जिंकलं. हे दोघे कान शहरातल्या बो-सीत हॉटेलच्या कोर्टांवर शिकवत आणि खेळत. पण इंग्लंडमध्ये पावसावर पोसलेलं गवत तिथल्या उन्हात करपे. 1880च्या सुमारास त्यांनी त्यावर उपाय काढला असं सांगतात. जवळच व्हालोरिस हे कुंभारांचं गाव (पुढं पिकासोनं चिनीमातीकाम केलं ते हेच). तिथल्या फुटक्या, टाकाऊ मडक्यांची पूड करून ती करपलेल्या गवतावर पसरली. गवत झाकलं गेलं, ऊन सोसणारी जमीन मिळाली आणि खेळ चालू राहिला.

या हकिकतीचा प्रत्येक तपशील कोर्टात सिद्ध होईल असं नाही. सगळ्या मूळपुरुषांच्या गोष्टींसारखीच ही थोडी गुळगुळीत झालेली आहे. पण तिच्यातलं कारण पटण्यासारखं आहे. मडक्याला खप नसला तरी खापराला मिळाला. ती पूड किनाऱ्यावरच्या इतर हॉटेलांत आणि क्लबांत पसरली, पुढं मडक्यांची खापरं पुरेनात म्हणून विटा आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या एका वीटवाल्यानं पाऊस पडून गेल्यावर लवकर वाळणारी विटेच्या चुऱ्याची कोर्टं बांधण्याचा धंदाच काढला. उन्हाला उतारा म्हणून निघालेली युक्ती पावसालाही लागू पडली.

इंग्रजांच्या लेखी मात्र ही दुय्यम जमीन राहिली. गवताखेरीज जे काही, ते सगळं त्यांच्या दृष्टीनं ‘हार्ड कोर्ट’. त्यामुळं 1912 साली पॅरिसजवळ सँ-क्लू इथं जी ‘वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप’ सुरू झाली, ती प्रत्यक्षात क्लेवर खेळली जात असे. न्यूझीलंडच्या अँथनी वाइल्डिंगनं ती 1913 आणि 1914 असं दोनदा जिंकली. पुढच्याच वर्षी तो महायुद्धात मारला गेला. 1914ची महिलांची विजेती होती सुझान लाँग्लेन नावाची पंधरा वर्षांची फ्रेंच मुलगी. माझ्या मते आजच्या फ्रेंच ओपनचा खरा पूर्वज ही स्पर्धा आहे. अधिकृत वंशावळ 1891च्या फ्रेंच राष्ट्रीय स्पर्धेपासून मोजतात, पण ती फक्त फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरती होती. तिचा पहिला विजेता ब्रिग्ज नावाचा, पॅरिसमध्ये राहणारा इंग्रज होता हा भाग वेगळा! महिलांची एकेरी 1897मध्ये आली. परदेशी खेळाडूंना दार उघडलं ते थेट 1925 साली.

तोवर या स्पर्धेला स्वतःचं असं मैदान नव्हतंच. कधी या क्लबात, कधी त्या. मैदान मिळालं ते एका करंडकामुळं, आणि तो करंडक क्लेवर नव्हे, अमेरिकेच्या गवतावर जिंकलेला होता. 1927च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात फ्रान्सनं बिल टिल्डनच्या अमेरिकेला 3-2 असं हरवून डेव्हिस कप पहिल्यांदा आणला. लाकोस्त, कोशे, बोरोत्रा, ब्रुन्यों या चौघांना लोक ‘मस्केटिअर’ म्हणू लागले. डेव्हिस कपचा तेव्हाचा नियम असा, की जिंकणाऱ्याच्या घरी पुढच्या वर्षीची लढत. टिल्डनला पॅरिसमध्ये पाहायला जी गर्दी लोटेल, तिला बसवायचं कुठं?

स्ताद फ्रान्से या क्लबानं पोर्त दोतय वेशीजवळची सुमारे तीन हेक्टर जागा देऊ केली. अट एकच: मैदानाला रोलाँ गारोसचं नाव द्यायचं. क्लबाचा अध्यक्ष एमिल लेझ्यर हा रग्बी खेळाडू आणि गारोस त्याचा कॉलेजातला दोस्त. हा गारोस वैमानिक. 1888 साली रेयुनियों बेटावर जन्मलेला. 23 सप्टेंबर 1913 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून जवळजवळ आठ तासांनी ट्युनिशियात बिझर्तला उतरला आणि भूमध्य समुद्र न थांबता ओलांडणारा पहिला माणूस ठरला. महायुद्धात त्यानं विमानाच्या पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवून, फिरत्या पंख्यातून समोर मशीनगन चालवायची सोय केली. 1915मध्ये जर्मनांच्या हाती सापडला, तीन वर्षांनी कैदेतून निसटला, पुन्हा विमानात बसला आणि 5 ऑक्टोबर 1918 रोजी, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लढाईत पडला. युद्ध संपायला पाच आठवडे उरले होते. टेनिसपटू म्हणून तो कधी ओळखला गेला नाही. आज त्याचं नाव घेणाऱ्या बहुतेकांना तो वैमानिक होता हे ठाऊकही नसतं. दोस्तीखातर घातलेल्या अटीनं मात्र त्याला आठवणीत ठेवलं.

1928च्या उन्हाळ्यात मैदान उभं राहिलं. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांत कोशेनं आणि महिलांत अमेरिकेच्या हेलन विल्सनं जिंकली. जुलैत अमेरिका आली. टिल्डननं लाकोस्तला हरवलं, पण कप फ्रान्सनं 4-1 असा राखला. पुढं तो 1933पर्यंत तिथंच राहिला. यात सुरखीचा हात किती, यावर तेव्हापासून वाद आहे. 1932च्या लढतीत तर फ्रेंचांनी आदल्या रात्री कोर्टाला भरमसाट पाणी पाजून ठेवलं, म्हणून वेगवान सर्व्हिस करणाऱ्या एल्सवर्थ व्हाइन्सचे चेंडू मंदावले, अशी अमेरिकी बाजूची तक्रार होती. खरंखोटं कोण सांगणार! पण अशी तक्रार करता येते, हेच या जमिनीचं वैशिष्ट्य. गवत किंवा सिमेंट जसं आहे तसं असतं. सुरखी माणसाच्या हातात असते. पाण्याचा पाइप, ओढायची जाळी आणि झाडू घेतलेला माणूस खेळाच्या निकालात किंचित का होईना, भागीदार असतो.

चेंडू मंदावतो कसा हेही पाहण्यासारखं आहे. तो टप्पा घेताना खरबरीत भुरक्यावर घासतो आणि त्याचा पुढचा वेग कमी होतो. शिवाय तो सुटी पूड पुढं लोटतो, तिचा इवलासा चढ होतो आणि त्या चढावरून चेंडू वर उसळतो. म्हणजे एकाच क्षणी संथ आणि उंच. विम्बल्डनला जी सर्व्हिस गुण देऊन जाते, ती इथं परत येते. पायही घसरतात, आणि इथं घसरणं हा दोष नसून शिकायची विद्या आहे: पळत जाऊन थांबायचं नाही, घसरत घसरत फटका मारायचा. ही विद्या ज्यांना उशिरा भेटली त्यांची इथं पंचाईत झाली. पीट सँप्रसला हा करंडक कधीच मिळाला नाही, जॉन मॅकेन्रो 1984च्या अंतिम सामन्यात दोन सेटनं पुढं असून लेंडलकडून हरला. उलट ख्रिस एव्हर्टनं इथं एकेरीची सात विजेतेपदं मिळवली आणि 1973 ते 1979 या काळात क्लेवर सलग 125 सामने जिंकले. राफाएल नदालच्या चौदा विजेतेपदांबद्दल काय लिहायचं. फ्रेंच ओपनमध्ये तो 112 सामने जिंकला आणि चार हरला, एवढंच पुरे.

भारतीयांना या मैदानानं दुहेरीत हात दिला. महेश भूपतीनं 1997 साली जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, ते कुणाही भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. 1999मध्ये तो आणि लिअँडर पेस पुरुष दुहेरीचे विजेते झाले, 2012मध्ये मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा आणि भूपती मिश्र दुहेरीचे. एकेरीत आपले मोठे खेळाडू गवतावर रमले. आपल्या जिमखान्यांतली क्ले म्हणजे बहुधा पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेली मुरमाची जमीन. दक्षिणेत तर शेणानं सारवलेली कोर्टंही होती. त्यांची जात या सुरखीहून वेगळी.

मैदानाच्या इतिहासात एक काळं पानही आहे. 1939मध्ये युद्ध सुरू होताच फ्रेंच सरकारनं ‘संशयित’ परदेशी लोकांना इथं डांबलं. हिटलरपासून पळून आलेले कित्येकजण त्यांत होते. लेखक आर्थर कोस्लर त्यांपैकी एक. प्रेक्षागाराच्या जिन्यांखालच्या दमट जागेत कैदी झोपत, हे त्यानं लिहून ठेवलं आहे.

व्यावसायिक खेळाडूंना ही स्पर्धा फार उशिरा खुली झाली. 1968पर्यंत मोठ्या स्पर्धा हौशींच्या. पैसे घेऊन खेळणाऱ्याला बंदी. सुझान लाँग्लेननं 1926 साली पैसे घेऊन खेळण्याचा करार केला, त्यामुळं दोन वर्षांनी पॅरिसचं मैदान उघडलं तेव्हा तिथं राष्ट्रीय स्पर्धा खेळायची वाट तिला बंद होती. आज महिलांच्या विजेतीला मिळणारा करंडक तिच्याच नावाचा आहे, दुसऱ्या क्रमांकाचं कोर्टही तिच्या नावाचं. ज्या दाराबाहेर ठेवलं त्या दारावर नाव कोरायची ही रीत फ्रेंचांचीच आहे असं नाही.

ते दार उघडलं एप्रिल 1968मध्ये, इंग्लंडच्या बोर्नमथ गावी. व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळले अशी ही पहिली स्पर्धा, आणि तीही क्लेवर! पुरुषांत जिंकला ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल. महिलांत व्हर्जिनिया वेड. तिनं हौशी दर्जा राखण्यासाठी बक्षिसाचे 300 पौंड नाकारले. महिन्याभरानं पॅरिस. शहरात विद्यार्थ्यांचं आंदोलन, देशभर संप, गाड्या बंद, पेट्रोल नाही. खेळाडू मिळेल त्या वाटेनं पोचले आणि लोकांना दुसरं काही करायला नव्हतं म्हणून की काय, मैदान भरलं. अंतिम सामन्यात रोझवॉलनं रॉड लेव्हरला हरवलं. रोझवॉल इथं 1953 साली जिंकला होता. मधली अकरा-बारा वर्षं व्यावसायिक म्हणून बाहेर. महिलांत नॅन्सी रिची जिंकली. बाईमाणसाच्या पैशांचा हिशेब जुळायला पुढं आणखी चार दशकं लागली: एकेरीच्या विजेत्यांना सारखी रक्कम 2006मध्ये आणि सगळ्या फेऱ्यांत सारखी रक्कम 2007मध्ये.

लाल रंगाला आव्हानही मिळालं. 2012 साली माद्रिदच्या स्पर्धेचे मालक इऑन त्सिरियाक यांनी कोर्टं निळी केली. टीव्हीवर पिवळा चेंडू उठून दिसावा हा हेतू. चेंडू दिसला, पण खेळाडू घसरून हैराण झाले. नदाल आणि जोकोविच यांनी हीच जमीन राहिली तर पुन्हा येणार नाही असं बजावलं. फेडरर आणि सेरेना विल्यम्स तिथं जिंकले, आणि पुरुषांच्या संघटनेनं पुढच्या वर्षासाठी निळ्या क्लेला नकार दिला. सुरखी पुन्हा लाल झाली.

सुरखीचा आणखी एक गुण रेनशॉ बंधूंच्या ध्यानीमनी नसेल: ती साक्ष देते. चेंडू पडला तिथं ठसा उमटतो आणि वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून तो पाहायला जातो. म्हणून इतर जमिनींवर कॅमेऱ्याची यंत्रणा आली तरी क्लेवर तिचा शिरकाव होईना. 2025पासून पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत क्लेवरही रेषेचा निर्णय यंत्र देऊ लागलं. पॅरिसनं त्या वर्षी माणसंच ठेवली. माद्रिदमध्ये अलेक्झांडर झ्वेरेव्हला यंत्राचा एक निर्णय पटेना. ठसा त्याला रेषेबाहेर दिसत होता, पंच उतरून पाहायला तयार नव्हते. त्यानं बाकावरच्या पिशवीतून मोबाइल काढला, कोर्टावर परत येऊन ठशाचा फोटो घेतला, आणि त्याबद्दल पंचांनी त्याला ताकीद दिली.