पाश्चरच्या काचनळ्या आणि बाटलीतली वाइन

पाश्चरायझेशन म्हटले की आपल्याला दूध आठवते. पाठ्यपुस्तकांतही तसेच असते. परंतु लुई पाश्चरने ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याची ही रीत १८६५ साली योजली ती वाइनसाठी. दूध नंतर आले. १८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापारी करार झाला होता आणि फ्रेंच वाइनला मोठी बाजारपेठ खुली झाली होती. पण माल वाटेतच आंबट किंवा कडू होई. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने वाइनच्या या ‘रोगां’चा शोध पाश्चरवर सोपवला. त्याचे बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी गेलेले. तिथेच त्याने तात्पुरती प्रयोगशाळा थाटली.

त्यातला सूक्ष्मजीवांचा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वाइनवरील ग्रंथात आणखी एक प्रश्न आहे, आणि त्याची हकिगत माझ्या मते अधिक उद्बोधक आहे. निरोगी वाइन जुनी होते, म्हणजे तिचे नेमके काय होते?

हा प्रश्न त्या काळी फार जुना नव्हता. रोमन लोक काही वाइन मातीच्या रांजणांत वर्षानुवर्षे मुरवीत, पण पुढे लाकडी पिंपे आली आणि ती विद्या लोपली. पिंपातली वाइन वर्षभरात संपवावी लागे, नाहीतर तिचा शिरका होई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांत मजबूत काच होऊ लागली, बाटलीला कोर्कचे घट्ट बूच बसू लागले. अठराव्या शतकात बाटल्या आडव्या रचता येतील अशा नळकांडी आकाराच्या झाल्या. मग लक्षात आले की काही तांबड्या वाइन बाटलीत दहा-वीस वर्षे राहून सुधारतात. ‘जुने ते सोने’ हा समज इथूनच पक्का झाला.

पाश्चरचा प्रयोग शाळेत समजावून देता येईल इतका साधा होता. नवी तांबडी वाइन काचेच्या नळ्यांत भरून त्याने तोंडे वितळवून बंद केली. काही नळ्या काठोकाठ भरलेल्या, काहींत वर हवा ठेवलेली. भरलेल्या नळ्यांतील वाइन होती तशीच राहिली. हवा असलेल्या नळ्यांत रंग फिकट, विटकरी झाला, तळाशी साका बसला आणि चव जुन्या वाइनसारखी लागू लागली. हवेला शत्रू मानणाऱ्या वाइन उत्पादकांना हा धक्काच होता. पाश्चरचे म्हणणे असे की एकदम खूप हवा घातक, पण लाकडाच्या छिद्रांतून सावकाश येणारा ऑक्सिजन वाइनला परिपक्व करतो. बाटलीत तो कमी शिरतो, म्हणून तिथे हे काम मंद चालते.

निरीक्षण बिनचूक होते. त्यावरून बाटलीबद्दल काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९३० च्या दशकापासून बोर्डो येथील रसायनशास्त्रज्ञ झाँ रिबेरो-गायाँ याने वाइनमधील ऑक्सिजन मोजायला सुरुवात केली. (त्याचे आजोबा युलिस गायाँ हे पाश्चरचेच सहकारी!) वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत नाहीसा होतो आणि चांगल्या बुचातून नवा जवळजवळ येतच नाही, असे दिसले. तरीही बाटलीतली वाइन बदलत राहते. पाश्चरच्या भरलेल्या नळ्या जास्तीत जास्त दोन-तीन वर्षे पाहिलेल्या. बाटलीतल्या बदलाला त्याहून किती तरी अधिक काळ लागतो.

हे बदल कोणते? तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. जांभळाचा आणि कोकमाचा रंगही याच कुळातला. सालीतून आणि बियांतून टॅनिन येते, म्हणजे चहाचा किंवा हिरड्याचा तुरटपणा देणारे पदार्थ. ऑस्ट्रेलियातील सॉमर्स याने १९७१ मध्ये दाखवून दिले की वाइनमध्ये ही दोन्ही एकमेकांशी जोडली जाऊन मोठे रेणू बनतात आणि जुन्या वाइनचा रंग मुख्यतः या मोठ्या रेणूंचा असतो. जोडणीचे काही मार्ग ऑक्सिजनच्या मदतीने चालतात, काही त्याच्याविना. म्हणजे पाश्चरच्या नळ्यांत दिसला तो एक मार्ग. फार मोठे झालेले रेणू साक्यात जातात, त्यांच्यासोबत पोटॅशियम टार्टारेटचे स्फटिकही असतात. टार्टारिक आम्लाच्याच क्षारांनी १८४८ मध्ये तरुण पाश्चरला रेणूंचे डावे-उजवेपण दाखवले होते.

आता स्वस्त वाइनचे पाहू. जगात विकली जाणारी बहुतेक तांबडी वाइन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. रस सालींसोबत थोडेच दिवस ठेवतात, त्यामुळे टॅनिन कमी उतरते आणि ती लगेच मऊ लागते. तिचा गुण म्हणजे ताज्या फळांचा वास. तो बराचसा किण्वनात यीस्टने बनवलेल्या एस्टरांचा असतो. बारावीच्या प्रयोगशाळेत पिकल्या केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल अॅसिटेट अनेकांनी हुंगले असेल. तेच इथेही आहे. यीस्ट असे एस्टर समतोलाच्या प्रमाणाहून जास्त बनवते. मग आम्लधर्मी वाइनमध्ये त्यांचे जलापघटन होऊन मूळचे अल्कोहोल आणि आम्ल परत मिळतात. वास उडून जातो, आणि त्याची जागा घेईल असे दुसरे काही घडायला लागणारा ऐवज बाटलीत नसतोच. जोडायला टॅनिन थोडे, जपायला घातलेला सल्फर डायऑक्साइडही हळूहळू खर्ची पडतो. अशी बाटली पाच वर्षे राखली तर ती फक्त थकते.

ऊन्हाची भर वेगळी. नाशिक परिसरात आज मोठ्या प्रमाणावर वाइन होते आणि विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेने क्रियांचा वेग वाढतो, मग बाटली उबेत ठेवून लवकर ‘जुनी’ का करता येऊ नये? कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. प्रत्येकीची सक्रियण ऊर्जा निराळी. उन्हाळाभर गरम कपाटात राहिलेल्या बाटलीत एस्टर झपाट्याने संपतात आणि वाइनला शिजवलेल्या फळासारखा वास येतो. थंड तळघरात वीस वर्षे राहिलेल्या बाटलीत असा वास नसतो.