‘वीक’ : सातचा आकडा नसलेला आठवडा

लॅटिन ‘सेप्टिमाना’त किंवा आपल्या ‘सप्ताहा’त सात हा आकडा स्पष्ट दिसतो, इंग्रजी ‘वीक’ आणि जर्मन ‘वोखे’मध्ये तो कुठेच नाही. कारण त्यांच्या मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थच बहुधा ‘पाळी’ असा होता. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले, तेव्हा जखऱ्या याजकाच्या सेवेच्या पाळीसाठी ‘विको’ हाच शब्द योजला गेला. नॉर्स दर्यावर्दी तर ‘विका’ने सागरी अंतर मोजत, वल्ही मारणारे बदलेपर्यंतचा पल्ला, अशी त्याची रूढ उकल. मग रोमनांचे सात दिवसांचे चक्र उत्तरेत रुजले, तेव्हा नवा शब्द घडवावा लागला नाही. फिनिशनेही तो ‘वीक्को’ म्हणून उसना घेतला. शेजारच्या एस्टोनियनने मात्र स्लाव्हिक शब्द जवळ केला.