बालसंधिवाताचा इतिहास: खिळलेल्या खाटेपासून हालत्या सांध्यांपर्यंत

लहान मुलांच्या सांध्यांना दीर्घकाळ सूज राहणे हा प्रौढांच्या संधिवाताहून वेगळा विचार मागणारा विकार आहे, ही जाणीव वैद्यकशास्त्रात रुजण्याचे मोठे श्रेय जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांना जाते. लंडनमध्ये 1852 साली सुरू झालेल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात काम करत असताना त्यांनी 22 मुलांचा अभ्यास केला आणि 1897 मध्ये तो निबंधरूपाने प्रसिद्ध केला. यांतील काही मुलांत सांधेसुजीबरोबरच ताप, तसेच प्लीहेची आणि लसिकाग्रंथींची वाढ आढळल्याने, एकाच नावाखाली अनेक विकार वावरत असावेत, असे त्यांनी मांडले.

निदानाची दिशा अशी स्पष्ट होत गेली, तरी उपचार बराच काळ सक्तीच्या विश्रांतीवरच विसंबून होते. दुखरा सांधा मूल आपोआप वाकवून धरते, कारण त्या स्थितीत वेदना कमी होते. परंतु गुडघा महिनोन्‌महिने तसाच राहिला की स्नायू आखडतात, मांडी रोडावते आणि सूज ओसरल्यावरही पाय सरळ होत नाही. प्लॅस्टरमध्ये दीर्घकाळ जखडलेला सांधाही असाच ताठरतो, म्हणजे आरामासाठी योजलेला उपायच अपंगत्वाला हातभार लावत असे.

या पद्धतीला निर्णायक कलाटणी मिळाली ती इंग्लंडमधील टॅप्लो येथे. तेथील कॅनेडियन रेड क्रॉस मेमोरियल रुग्णालयात 1947 मध्ये एरिक बायवॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली मुलांच्या संधिवाती विकारांसाठी विशेष विभाग सुरू झाला. पेनिसिलिनच्या काळात संधिवाताचा ताप, म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवून हृदयाला इजा करणारा विकार, ओसरत गेला, तसे तेथील लक्ष दीर्घकालीन संधिवाताकडे वळले. बार्बरा अ‍ॅन्सेल यांनी तेथे या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रात्री सांधा सरळ ठेवणारी पट्टी, दिवसा व्यायाम, कोमट पाण्याच्या तलावातील हालचाल आणि जोडीला शिक्षण, अशी उपचारांची घडी तेथे बसली. या आजारात डोळ्यांच्या आतील दाह कसलीही तक्रार न जाणवता दृष्टी हिरावू शकतो, म्हणून नियमित नेत्रतपासणीही आवश्यक ठरली.

औषधांचा इतिहास याला समांतर चालला. 1949 च्या सुमारास कॉर्टिसोनचा प्रभाव उघड झाला, पण या गटातील औषधे दीर्घकाळ दिल्यास मुलांची उंची खुंटते, हेही लवकरच लक्षात आले. 1992 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघातील केंद्रांच्या संयुक्त चाचणीतून आठवड्यातून एकदा अल्प प्रमाणात दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटची उपयुक्तता सिद्ध झाली. 1999 मध्ये अमेरिकेत एटानर्सेप्टला मुलांसाठी मान्यता मिळाली. दाह वाढवणारे विशिष्ट प्रथिन ते रोखून धरते.

आज सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झालेल्या, किमान 6 आठवडे टिकलेल्या आणि अन्य कारण न सापडलेल्या सांधेदाहाला बालसंधिवात म्हणतात. नव्या औषधांनी दाह आवरणे पुष्कळ सोपे केले असले, तरी वाढत्या मुलाचा सांधा हलता राहावा आणि त्याचे शिक्षण खंडित होऊ नये, हा टॅप्लोने घालून दिलेला दंडक आजही उपचारांचा पाया आहे, आणि तो पाळायचा तर निदान वेळेवर होणे अत्यावश्यक आहे.