परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना : सातारा-सांगलीच्या शिक्षकांसाठी कागदपत्रांची माहिती

“मॅडम, एजंट म्हणतो व्हिजिट व्हिसावर या, तिकडे नोकरी लावून देतो. जाऊ का?” कराड, मिरज, इस्लामपूरकडच्या बी.एड. झालेल्या मुली-मुलांकडून हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो. अनुदानित शाळेत जागा निघत नाही, विनाअनुदानितच्या पगारात घर चालत नाही, म्हणून आखाताकडे नजर जाते. त्यात गैर काही नाही. पण क्रम चुकला की पैसा आणि वर्ष दोन्ही जातात. क्रम असा ठेवा : आधी कागद, मग लेखी नोकरी, मग व्हिसा आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

कुठे संधी आहे?

इंग्रजी शिकवायचं तर प्रत्येक देश भारतीयांना सारखी वागणूक देत नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी तिथे करारातून मिळालेली मर्यादित वाट आहे. आपल्या लोकांसाठी सरळ रस्ता म्हणजे आखातातल्या सीबीएसई आणि इतर भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. तिथे बी.ए. किंवा एम.ए. इंग्रजी, बी.एड. आणि शिकवण्याचा अनुभव यांना किंमत आहे. नुसत्या ऑनलाइन टेफल सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू नका, ते बी.एड.ची जागा घेत नाही.

सगळ्यात आधी नाव जुळवा

आपल्याकडे सर्वांत जास्त गाडी अडते ती इथे. दहावीच्या सनदेवर ‘शेख’ एका स्पेलिंगने, पदवीवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मोहं.’ मुलाणी, मुजावर, शिकलगार, नदाफ ही आडनावंही इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेने लिहिली जातात. लग्न झालेल्या बहिणींचं तर पदवीवर वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर शौहरचं.

आमच्या एका सहकारी बहिणीचं असंच झालं. मुलाखत झाली, शाळेचं पत्र आलं. पण पदवी आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे हे सिद्ध करण्यात दोन महिने गेले. आखातातल्या बहुतेक भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. शाळेने वाट पाहिली नाही.

म्हणून शक्य असेल तर पासपोर्ट काढतानाच दहावीच्या सनदेशी नाव जुळवा. बदल करायचाच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. निकाहनामा जपून ठेवा, पण त्यावर थांबू नका. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत निकाहची नोंद करून प्रमाणपत्र घ्या. नावातला फरक समजावायला आणि पुढे कुटुंबाला बोलवायला तेच लागतं.

पदवीचं साक्षांकन

आपल्या दोन्ही जिल्ह्यांची पदवी बहुधा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते आणि दहावी-बारावी कोल्हापूर विभागीय मंडळाची. अनेकांनी दीक्षान्ताचं मूळ प्रमाणपत्र घेतलेलंच नसतं. गुणपत्रक आणि तात्पुरतं प्रमाणपत्र एवढ्यावर भागवलेलं असतं. परदेशासाठी मूळ पदवी लागते. ती आजच मागवा.

त्यानंतरचे टप्पे असे :

१. विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी.
२. राज्य शासनाच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाचं साक्षांकन.
३. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल. कागद मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. एजन्सीचा आकार वेगळा.

इथून पुढे देशाप्रमाणे वाट बदलते. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया हे अपोस्टिल करारात आहेत, म्हणून तिथे अपोस्टिल चालतं. अमिराती, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, असे दोन टप्पे वाढतात.

२०१५ पूर्वी एक वर्षाचं बी.एड. केलेल्या आमच्यासारख्यांनी घाबरू नये. त्या काळचा अभ्यासक्रमच एक वर्षाचा होता. मात्र मुक्त विद्यापीठाची किंवा बहिःस्थ पदवी असेल तर ती चालेल का, हे शाळेकडून आधी लेखी घ्या. काही ठिकाणी दूरशिक्षणाची पदवी अडते.

पोलीस दाखला आणि मेडिकल

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करायचा. फी ५०० रुपये. आपलं पासपोर्ट कार्यालय पुणे. हा दाखला फार आधी काढू नका, तो जुना झाला की परत मागतात. सौदी, कुवेत, ओमान आणि बहरीनसाठी मेडिकल ‘वाफिद’ या संकेतस्थळावरून ठरलेल्या केंद्रातच होतं. अमिरातीचं मेडिकल तिथे गेल्यावर होतं. याशिवाय अमिरातीत शिकवायला शिक्षक परवाना लागतो. तो कोणी, किती दिवसांत काढायचा हे करारात बघा.

व्हिसा आणि एजंट

व्हिजिट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी, आणि पगार बुडाला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. कामाचा व्हिसा शाळाच काढते. अमिराती आणि सौदी या दोन्हींच्या कामगार कायद्यांत भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकावर टाकलेला आहे. म्हणून ‘व्हिसाचे तीन लाख’ मागणाऱ्याला सलाम करून उठा.

भारतात १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटलाच परदेशी भरती करता येते. त्याचं नाव आणि परवाना ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. साक्षांकनासाठी मूळ पदवी द्यावीच लागते. पण ‘फाईल बघायला’ म्हणून ती कुणाच्या हातात ठेवू नका.

नोकरीत असाल तर

अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी संस्थेची लेखी परवानगी आणि मंजूर रजा हातात आल्याशिवाय जाऊ नये. न सांगता गेलं तर इथली कायम नोकरी आणि तिची सेवा दोन्ही धोक्यात येतात. परतायची वाट मोकळी ठेवणं ही शहाणपणाची गोष्ट आहे.

मुलीला पाठवताना

अम्मी-अब्बूंची काळजी आम्हाला कळते. करारात पगार, राहण्याची सोय, वर्षाचं तिकीट, सुट्टी आणि नोटीस हे पाच मुद्दे लेखी आहेत का बघा. अमिरातीत शिक्षिकेलाही शौहर आणि मुलांना बोलवता येतं; त्यासाठी पगार किमान ४ हजार दिरहम, किंवा ३ हजार आणि राहण्याची सोय, असा नियम आहे. विवाह आणि जन्माचे दाखले मात्र इथूनच साक्षांकित करून न्यावे लागतात. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहू द्या, सगळ्या कागदांची एक प्रत घरी ठेवा. अडचण आली तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

एप्रिलला रुजू व्हायचं असेल तर आदल्या पावसाळ्यातच कामाला लागा. आज संध्याकाळी दहावीची सनद, पदवी, आधार आणि पासपोर्ट एका चटईवर मांडा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा. सुरुवात तिथून होते.