वसईचे भग्नावशेष आणि छायाचित्रकाराचें भिंग

मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि दोनशें वर्षांच्या पोर्तुगीज अंमलाची तेथें अखेर झाली. त्यानंतर शंभर वर्षांनीं, ऑगस्ट १८३९ मध्यें, सूर्यप्रकाशानें चित्र उमटविण्याची दागेर याची युक्ति पॅरिस येथें जगापुढें मांडण्यांत आली. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं. तरी मधल्या शतकांत किल्ल्याची जी पडझड झाली ती लक्षांत घेतां, हें साधन फार उशिरां आलें असें वाटल्यावांचून राहत नाहीं. कॅमेऱ्यास जी वसई दिसली ती छपरें गेलेली, वडापिंपळांच्या मुळांनीं पोखरलेली वसई होती.

मुंबईंत ही विद्या लवकर पोंचली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व तिच्यांत इंग्रज अंमलदारांच्या जोडीला एतद्देशीय गृहस्थही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं या कलेंत लौकिक मिळविला. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत आपला स्टुडिओ चालविला. माणसांचीं चित्रें घेण्यास एक उजेडाचें दालन पुरे होई. भूप्रदेशाचें चित्र घेणाऱ्यास मात्र घराबाहेर पडावें लागे, आणि मग बरोबर काय घ्यावयाचें व काय टाकावयाचें हा बिकट प्रश्न उभा राही.

टाकण्याजोगें फारसें कांहीं नसेच. १८५१ सालीं आर्चर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें ओल्या काचेची रीत काढली. काचेवर कलोडियन ओतावयाचें, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि सुकण्यापूर्वीं अंधारांत धुवून पक्की करावयाची. कलोडियनमधील ईथर सुमारें ३५ अंश उष्णतेस उकळतें. तेव्हां कोंकणच्या उन्हाळ्यांत या कामास किती थोडा अवधि मिळे याची कल्पना करावी. म्हणून काळोखी तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हीं सर्व कॅमेऱ्याच्या पाठोपाठ हिंडत. पाणीही कसलेंही चालत नसे. खाडीकांठचें मचूळ पाणी रुप्याच्या द्रावणांत पडलें कीं पांढरा साका तयार होऊन द्रावण फुकट जाई. शिवाय चित्र मोठें करून छापण्याची सोय जवळजवळ नसल्यामुळें, जेवढें चित्र हवें तेवढीच काच आणि तेवढाच कॅमेरा लागे. बारा इंच लांब व दहा इंच रुंद अशा एका काचेचें वजन सुमारें एक पौंड भरतें. अशा दोन डझन काचा आणि त्यांची पेटी उचलणाऱ्याच्या खांद्यालाच त्या चित्रांची खरी किंमत ठाऊक. १८६४ सालीं वसईच्या खाडीवर रेल्वेचा पूल झाला व १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते मुंबई बॅकबे अशी गाडी धांवूं लागली, तेव्हां कोठें हें ओझें होडींतून उतरलें.

परंतु ओझ्याहून नाजूक प्रश्न भिंगाचा होता. १८४० सालीं पेट्झव्हाल यानें गणितानें रचलेलें भिंग पुष्कळ प्रकाश घेई, पण मध्यभाग तेवढा रेखीव आणि कडा धूसर. तें चेहऱ्याला उत्तम, किल्ल्याला निरुपयोगी. भूप्रदेशासाठीं निराळें, साधें भिंग असे. त्याच्यापुढें बारीक भोंकाची चकती बसवीत. त्यानें डोंगर, झाडें, पाणी सुरेख येई. दोष एवढाच कीं, कडेजवळची सरळ रेघ बाहेरच्या बाजूस वांकत असे. ताडाचें खोड वांकडें दिसलें तर कोणी तक्रार करीत नाहीं. पण जेसुइटांच्या देवळाच्या दर्शनी भिंतीचे खांब पिंपासारखे फुगलेले दिसले तर तें चित्र अभ्यासकाच्या काय कामाचें? १८६६ सालीं लंडनचा डालमायर व म्युनिकचा स्टाइनहाइल यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, दोन सारखीं भिंगें समोरासमोर ठेवून मध्यें चकती बसविली. एकाचा दोष दुसऱ्यानें खोडून निघाला व रेघ सरळ आली.

ही गोष्ट केवळ सौंदर्याची नव्हे. जर्मनींत मायडेनबाउअर हा तरुण १८५८ सालीं वेट्झलारच्या देवळाचीं मापें घेतांना उंचावरून पडतां पडतां वांचला. इमारतीचीं मापें चित्रावरूनच काढतां येतील हा विचार त्याला तेव्हां सुचला, आणि १८८५ सालीं प्रशियांत त्यासाठीं एक सरकारी संस्थाच निघाली. ज्या चित्रांत रेघ सरळ आहे, त्या चित्रावरून पडलेली भिंतही मापतां येते.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं वसईचा किल्ला पाहिला असेल त्यांस आणखी एक अडचण सहज पटेल. भग्न मंदिरांच्या उंच भिंतींपुढें मागें सरकण्यास झाडी जागा देत नाहीं. तेथें रुंद दृष्टीचें भिंग हवें. उलट खाडीच्या पलीकडून तट घ्यावयाचा तर लांब पल्ल्याचें. कॅमेरा वर उचलून धरावा तर भिंती माथ्याकडे एकमेकींवर कललेल्या दिसतात. यावर उपाय म्हणजे कॅमेरा समतल ठेवून पुढच्या फळीसकट भिंगच वर सरकविणें. जाणता छायाचित्रकार भिंगापेक्षां या सरकत्या फळीला अधिक जपे, आणि तें योग्यच होतें.

वसईच्या हिरवाईनेंही त्यांस छळलें. ओली काच निळ्या रंगाला अतिशय हळवी, हिरव्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळें केळीच्या बागा काळ्या ठिक्कर आणि आकाश ढगांवांचून पांढरें येई. त्यांतून वारा सुटला कीं माडांच्या झावळ्यांचा नुसता धूर होई.

१८७६ सालीं डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यांत सतरा छायाचित्रें, नऊ शिळाछापाचीं चित्रें आणि एक नकाशा आहे. गोमंतकीय वैद्यानें लिहिलेल्या या ग्रंथांत भग्नावशेषांना शब्दांइतकाच चित्रांचाही आधार मिळाला, आणि तोही ओल्या काचेची रीत प्रचारांत असतांनाच. १८७८ च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारांत आल्या. तंबू गेला, पाण्याची घागर गेली, आणि छायाचित्रकाराचें एका हमालावर भागूं लागलें.