वाचक आणि लेखनिक

1905 पर्यंत वणी जिल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि पुढे यवतमाळ हे नाव धारण केलेल्या आपल्या मुलखाचा शैक्षणिक इतिहास लिहिताना संस्थांच्या स्थापनेच्या तारखा तपशीलवार नोंदल्या जातात. परंतु ज्याला अक्षर दिसत नाही वा पायरी चढवत नाही, त्या विद्यार्थ्याने विद्या कशी संपादन केली, या प्रश्नाला त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम आठवतात ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 1881 साली जन्मलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. शैशवातच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि स्वतःची रचना तोंडी सांगून लिहवून घेऊन अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. त्यांच्या बुद्धीचे कौतुक आपण पुष्कळ केले. त्यांच्यासमोर पोथी घेऊन बसणाऱ्या वाचकांचे आणि हाती लेखणी धरणाऱ्या लेखनिकांचे ऋण मात्र आपण पुरेसे मानले नाही, असे मला वाटते.

ही व्यवस्था भक्तीवर उभी होती. महाविद्यालयात तिची जागा मैत्रीने घेतली: वर्गबंधूने टिपणे वाचून दाखवावीत, कोणी खांद्याचा आधार देऊन वरच्या मजल्यावर न्यावे. 1951 मध्ये भारतीय लिप्यांसाठी एकच भारती ब्रेल संकेत निश्चित झाला, तरी पदवीची पुस्तके त्या लिपीत दुर्मिळच राहिली. मदत उलट दिशेनेही वाहिली: वर्धा नदीपलीकडे, वणीपासून जवळच असलेल्या वरोऱ्यात बाबा आमटे यांच्या आनंदवनातील कुष्ठमुक्त हातांनी सर्वांसाठी महाविद्यालय उभारले; समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच समाजाच्या मुलांना वर्ग बांधून द्यावेत, याहून मोठी शिकवण विदर्भाला कोणी दिलेली नाही.

पुढे दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या आणि त्याहून व्यापक अशा 2016 च्या कायद्याने मेहेरबानीचे रूपांतर हक्कात झाले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव झाल्या. परीक्षेत लेखनिकाची तरतूद आणि तासामागे किमान 20 मिनिटांचा जादा वेळ नियमांत आला. परीक्षेचा बंदोबस्त असा झाला खरा, परंतु परीक्षा वर्षातून मोजके दिवस असते आणि वर्ग रोज भरतो. म्हणून यवतमाळ, पुसद, वणी येथील महाविद्यालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रवेशाच्या दिवशीच अशा विद्यार्थ्याला त्याची गरज विचारावी, त्याचा वर्ग तळमजल्यावर भरवावा आणि सत्र सुरू होण्यापूर्वी त्याची क्रमिक पुस्तके ध्वनिमुद्रित करून त्याच्या हाती द्यावीत.